आत्मविश्वास आणि रोजच्या बारीकसारीक सवयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी पदवीच्या मुलामुलींकडून मुलाखतीची आणि चारचौघांत बोलायची तयारी करून घेणं हे माझं रोजचं काम. पुण्या-मुंबईला नव्याने निघालेले, नोकरी बदलू पाहणारे आणि कधीमधी या मुलांच्या आयासुद्धा येऊन बसतात. फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

माझ्यात आत्मविश्वासच नाही. तो जन्मजात असतो का?

"आत्मविश्वास नाही" असं कुणी म्हटलं की मी ते वाक्य पुरं करायला सांगतो. कशाबाबत नाही? आमच्याकडे येणाऱ्या एक काकू लग्नघरात दोनशे पानांचं वाढप सांभाळतात, आचाऱ्याला झापतात, भात किती लागेल ते नुसत्या नजरेने सांगतात. त्याच काकू बँकेत गेल्या की पैसे काढायची स्लिप शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी पोराकडून भरून घ्यायच्या. लिहिता-वाचता उत्तम येत असून. आता या बाईंना आत्मविश्वास आहे म्हणायचं की नाही?

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली हीच गोष्ट नीट मांडली. अमुक एक काम मला जमेल, हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो आणि तो चार वाटांनी येतो, असं त्याचं म्हणणं. पहिली वाट म्हणजे ते काम स्वतः करून जमलेलं असणं. दुसरी, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं. तिसरी, ज्याच्या शब्दाला आपण मानतो त्याने "तुला जमेल" म्हणणं. चौथी, त्या वेळी आपलं शरीर काय सांगतंय: छातीत धडधड आहे की श्वास शांत आहे. चौघांत पहिली वाट सगळ्यांत भक्कम. भाषणं ऐकून, व्हिडिओ बघून येणारा जोर हा तिसऱ्या वाटेचा, म्हणून तो दोन दिवसांत ओसरतो.

स्वभाव काहींचा मुळात बुजरा असतो, हे खरं. पण बुजरा माणूसही स्लिप भरायला शिकतो.

आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलायला उठेन. असं चालेल का?

नाही. तो आधी येत नाही. आधी काम होतं, तेही जेमतेम, आवाज कापत असताना. मग मेंदूकडे एक पुरावा जमा होतो की हे केलं आणि काही बिघडलं नाही.

उलट काय होतं तेही बघा. वर्गात सरांनी प्रश्न विचारला, उत्तर येत होतं, तुम्ही मान खाली घातली. सर पुढे गेले. त्या क्षणी किती हायसं वाटतं! तेच हायसं वाटणं घात करतं. टाळलं की सुटका, हे मन पक्कं शिकतं आणि पुढच्या वेळी मान आणखी लवकर खाली जाते. भीती वाढवायची असेल तर टाळत राहण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

छोटी सवय म्हणजे किती छोटी?

घरी पाहुणे आलेत, लाइट गेलीय, तुम्हाला सर्दी झालीय, अशा दिवशीही होईल एवढी. "रोज एक तास इंग्रजीचा अभ्यास" ही छोटी सवय नव्हे. "रोज सकाळी पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचणं" ही छोटी.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. आमच्याकडचा एक मुलगा फोनवर बोलायला घाबरायचा. समोरासमोर ठीक, पण अनोळखी नंबर आला की फोन वाजू द्यायचा आणि मग मेसेज करायचा, "कोण?" त्याला कॉल सेंटरच्या नोकरीची मुलाखत फोनवरून द्यायची होती. आम्ही बसून कागदावर पायऱ्या पाडल्या. सगळ्यांत खाली: मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावून नुसतं रेकॉर्ड केलेलं ऐकायचं आणि बटणं दाबायची. त्याच्या वर: किराणा दुकानात फोन करून "दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे?" एवढं विचारायचं. मग गॅस एजन्सीला सिलिंडर कधी येईल ते विचारणं. मग मामाच्या ओळखीच्या, पण आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला निरोप देणं. मग एखाद्या कंपनीत फोन करून "जागा निघाल्यात का?" हे विचारणं. रोज एकच फोन. फोन करण्याआधी पहिलं वाक्य कागदावर लिहायचं आणि ते बघून वाचायचं, यात कमीपणा काही नाही. एका पायरीवर कंटाळा यायला लागला की वरची पायरी. कंटाळा येणं हीच खूण, कारण ज्या गोष्टीची भीती वाटते तिचा कंटाळा येत नाही.

ग्राहक सेवेच्या पायरीला तो आधी हसला होता. किराणा दुकानदाराने पहिल्याच फोनला "कोण बोलतंय? मोठ्याने बोल की!" म्हणून सुनावलं, तेव्हा हसू मावळलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात फोन केला आणि मोठ्याने बोलला. दुकानदाराला आठवणही नव्हती.

भीतीचा असा जिना करून एकेक पायरी चढायची पद्धत मानसोपचारात 1950 च्या दशकापासून वापरात आहे. ती घरी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

21 दिवसांत सवय लागते म्हणतात. माझा महिना झाला, तरी ओढून-ताणूनच करावं लागतं.

तुमचं काही चुकत नाहीये. 21 चा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून आला. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान 21 दिवस तरी लागतात, असं निरीक्षण त्याने 1960 च्या पुस्तकात नोंदवलं. पुढच्या मंडळींनी त्यातलं "निदान" गाळलं.

खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. 96 जणांनी 84 दिवस रोज एक नवी गोष्ट करायची आणि ती किती आपोआप होतेय ते नोंदवायचं. कुणी जेवणासोबत फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, कुणी व्यायाम. सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारण 66 दिवस लागले, पण 84 दिवसांच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजात तफावत 18 पासून 254 दिवसांपर्यंत होती. सोप्या गोष्टी लवकर रुळल्या, व्यायामासारख्या उशिरा. दिवाळीला सुरू केलेली सवय संक्रांतीला आपोआप व्हायला लागली तर ती वेळेवर आली असं समजा.

मध्येच एखादा दिवस चुकला तर?

काही होत नाही. त्याच अभ्यासात दिसलं की एखादा दिवस बुडाल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. गणपती, लग्नसराई, परीक्षा यांत दिवस बुडणारच. फक्त लागोपाठ दुसरा बुडू देऊ नका. आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. त्याने तिसरा दिवस बुडतो.

करायचं ठरवतो, पण लक्षातच राहत नाही. रिमाइंडर लावू का?

लावा, पण आठवड्याभरात तुम्ही तो न बघता बंद करायला शिकाल. त्यापेक्षा आधीपासून पक्की असलेली एखादी गोष्ट धरा आणि तिला नवी गोष्ट बांधा. "चहाचा कप विसळून ठेवला की वही उघडायची." "एसटीत तिकीट काढलं की शेजारच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायचा, गाडी किती वाजता पोचेल एवढाच." जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर याने असल्या "अमुक झालं की तमुक करीन" ठरावांवर भरपूर काम केलंय. नुसतं "मी रोज बोलायचा सराव करीन" ठरवणाऱ्यांपेक्षा, कधी आणि कुठे ते ठरवणारे जास्त वेळा ते करतात.

"रोज" हा शब्द फसवा आहे. रोज म्हणजे कधीही, आणि कधीही म्हणजे रात्री साडेअकरा वाजता अंथरुणात आठवण येणं.

आरशासमोर उभं राहून "मी सर्वोत्तम आहे" असं म्हणायचं का?

ज्यांना आधीच तसं वाटतं त्यांनी खुशाल म्हणावं. ज्यांना वाटत नाही त्यांनी जपून. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्या लोकांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर ते न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा त्यांना जास्त वाईट वाटलं. कारण उघड आहे. तोंडाने "मी सर्वोत्तम" म्हणताना आतून कुणीतरी लगेच विचारतं, "कशावरून?" आणि मग नापास झालेले सगळे विषय रांगेत उभे राहतात.

म्हणून मी मुलांना "कशावरून" चं उत्तर लिहायला लावतो. दोनशे पानी साधी वही, रात्री झोपायच्या आधी तीन ओळी. आज असं काय केलं जे करताना मन कचरत होतं? काय होईल असं वाटलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? एका मुलीच्या वहीतली नोंद, तिला विचारून देतोय: "ग्रंथपाल बाईंना विचारलं की हे पुस्तक जास्त दिवस ठेवता येईल का. वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, अर्ज दे, आणि स्वतःच अर्जाचा कागद काढून दिला." बस, एवढंच. त्यात "मी किती धीट" असं काही नाही. पण अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की दुसरी ओळ आणि तिसरी ओळ यांतली तफावत स्वतःलाच दिसायला लागते. वाटलेलं बहुतेक वेळा झालेलंच नसतं.

कधी कधी झालेलंही असतं. तेही लिहा. "हो, ओरडल्या. मग मी बाहेर येऊन चहा प्यायले." ही नोंद तर फारच मोलाची, कारण ओरडा खाल्ल्यानंतरही चहा पिता येतो हे तिच्यात सिद्ध झालेलं आहे.

कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं राहिलं की आत्मविश्वास वाढतो, हे खरं का?

2010 साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी तसा दावा केला होता: ऐटीत उभं राहिल्याने हार्मोन बदलतात. तो जगभर गाजला. पुढे 2015 साली 200 लोकांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा हार्मोनमध्ये काही फरक दिसला नाही. मूळ संशोधकांपैकी दाना कार्नी यांनी 2016 मध्ये स्वतःच जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आता मला वाटत नाही. संशोधकाने असं उघडपणे सांगायला काय लागतं, याचा विचार करा. मला आत्मविश्वासाचं तेच जास्त चांगलं उदाहरण वाटतं.

ताठ उभे राहा जरूर. पोक काढून बोललं की श्वास पुरत नाही आणि आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. तेवढा फायदा पुरेसा आहे.

बोलायला उभं राहिलं की पाय लटपटतात, तोंडाला कोरड पडते. हे कधी थांबेल?

पूर्ण थांबेल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. ॲड्रेनलिन वाढलं की हृदय जोरात धडधडतं, हात गार पडतात, तोंड कोरडं होतं. शरीर धावायच्या तयारीत असतं आणि आपण त्याला माइकसमोर उभं केलेलं असतं. वर्षानुवर्षं बोलणाऱ्यांनाही पहिल्या मिनिटाला हे होतं. त्यांना फक्त माहीत असतं की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला ते ओसरतं.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावण्यापेक्षा "मला हुरूप आलाय" म्हणणं बरं पडतं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांनी भाषणात आणि गाण्यात शांत व्हायचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. धडधड दोन्हीकडे तीच असते. तिला भीती म्हणायचं की उत्साह, एवढंच आपल्या हातात.

आता कामाच्या गोष्टी. सुटा कागद हातात धरू नका, तो थरथर दहापट करून दाखवतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर मुद्दे लिहा. पहिली दोन वाक्यं तोंडपाठ करा, बाकीची करू नका. सबंध भाषण पाठ केलं की एक शब्द निसटला तरी गाडं अडतं. उभे राहिल्यावर लगेच सुरू करू नका. श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, मग बोला. तुम्हाला तो वेळ युगासारखा वाटेल, ऐकणाऱ्यांच्या लक्षातही येणार नाही.

आणि रोजची सवय म्हणाल तर मोठ्याने वाचन. दिवसाकाठी पाच मिनिटं. कित्येक मुलांनी शाळा सुटल्यापासून स्वतःचा मोठा आवाज ऐकलेलाच नसतो. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं असली की मोठ्याने वाचणार कुठे, हा प्रश्न खरा आहे. गच्चीवर जा, शेतात जा, ते नसेल तर घरातल्या लहान पोराला पुढ्यात घेऊन त्याचंच पुस्तक वाचून दाखवा.

"लोक काय म्हणतील" हे डोक्यातून जात नाही.

याची दोन उत्तरं आहेत.

पहिलं अभ्यासातलं. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी शर्टावरचं चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांनाच ते सांगता आलं. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. आपण जेवढं समजतो त्याच्या निम्मंच लोक आपल्याकडे बघतात.

दुसरं उत्तर गावातलं. छोट्या गावात लोक खरंच बघतात आणि खरंच बोलतात, विशेषतः मुलींबद्दल. पारावर, पाणवठ्यावर, भिशीत चर्चा होते. "कुणाचं लक्ष नसतं गं" असं शहरी उत्तर तिथे देऊन चालत नाही. म्हणून मी सरावाची जागा निवडायला सांगतो. नवं काही करून बघायचं तर तालुक्याच्या बाजारात करा, जिथे तुमची आत्या भेटणार नाही. अंगात थोडं मुरलं की मग गावात.

अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. ऐन तारुण्यात तो मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स इथल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचा महिनाभराचा उपक्रम स्वतःवर लादला. शंभरेक जणींशी बोलला. भेटायला यायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही. एलिस म्हणायचा, कुणी पोलीस बोलावले नाहीत, कुणी ओकारी काढली नाही. माझी भीती मात्र गेली. (हा उपक्रम आज बसस्टॉपवर जसाच्या तसा करू नये, बाईमाणसाला तो त्रासच होईल. दुकानदार, कंडक्टर, वाचनालयातले लोक पुरे आहेत.) पुढे त्याने उभी केलेली, भावनांमागचे अविवेकी विचार तपासून बदलायला लावणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, आणि इथल्या पुष्कळ समुपदेशकांच्या कामात ती आजही दिसते.

इंग्रजी येत नाही आणि बोली गावाकडची. पुण्यात तोंड उघडायची लाज वाटते.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. "पाणी" ला "पानी" म्हटलं म्हणून हॉस्टेलात हसलेली पोरं मी पाहिलीत, आणि त्यानंतर सहा-सहा महिने मेसमध्ये मुकाट जेवणारीही. माझं मत स्पष्ट आहे: बोली हा दोष नाही, तो सुधारायचा नसतो. मुलाखतीत प्रमाण मराठी लागते, ती शिका, जशी सायकल येत असताना गाडी चालवायला शिकतो. पण आजीशी बोलताना ती वापरायला लागू नका.

एमपीएससीची मुलाखत मराठीतून देता येते. यूपीएससीतही मराठी माध्यम घेणाऱ्याला मुलाखतीत मराठीत उत्तरं देता येतात. त्यामुळे "इंग्रजी नाही म्हणजे संपलं" हे मुळात खोटं आहे. खासगी नोकरीत इंग्रजी लागतं, तिथे पूर्ण भाषा येईपर्यंत थांबू नका. स्वतःच्या कामाबद्दलची पाच इंग्रजी वाक्यं तयार करा: मी काय शिकलो, कुठे काम केलं, कोणतं यंत्र किंवा सॉफ्टवेअर येतं, काय येत नाही, कधीपासून रुजू होऊ शकतो. ती रोज एकदा मोठ्याने म्हणा. पाचवं वाक्य सहज यायला लागलं की सहावं जोडा. आणि "सॉरी, माय इंग्लिश इज वीक" या वाक्याने सुरुवात करणं आजपासून बंद. समोरच्याने तोवर तुमचं इंग्रजी ऐकलेलंही नसतं.

घरचे सतत तुलना करतात. "बघ तो तुझा मावसभाऊ कुठे पोचला."

त्यांना थांबवणं तुमच्या हातात फारसं नाही. तुमच्या हातात एवढंच की नव्या सवयीची घरात घोषणा करायची नाही. "उद्यापासून मी पाच वाजता उठणार" असं जेवताना जाहीर केलं की परवा सव्वापाचला कुणीतरी "काय साहेब?" म्हणणारच. गुपचूप सुरू करा. दोन महिन्यांनी त्यांच्याच लक्षात येईल, किंवा येणारही नाही.

स्पर्धा परीक्षेत तीनदा अपयश आलं. आता कशातच विश्वास उरला नाही.

परीक्षेत लाखो बसतात, जागा शेकड्यांत निघतात. निकाल तुमच्या एकट्याच्या मेहनतीवर ठरत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अडचण अशी की अभ्यासिकेत काढलेल्या वर्षांत "मला हे जमलं" असं म्हणायला दुसरं काहीच घडलेलं नसतं. सगळी शिल्लक एकाच खात्यात, आणि ते खातं आयोगाच्या ताब्यात.

म्हणून रोज अर्धा तास अशा गोष्टीला द्या जिचा निकाल त्याच दिवशी लागतो. धावणं, स्वयंपाक, शेजारच्या मुलाला गणित शिकवणं. भाकरी फुगली की नाही ते तव्यावरच कळतं, पुढच्या वर्षीच्या जाहिरातीची वाट बघावी लागत नाही. अभ्यासातला वेळ वाया जाईल म्हणता? त्या अर्ध्या तासात तसेही तुम्ही कटऑफच्या अफवा वाचत असता.

कुणी कौतुक केलं की काय बोलावं कळत नाही.

"थँक्यू" म्हणा आणि गप्प बसा. "अहो कसलं काय, नशीब म्हणून झालं" हे जोडू नका.

आत्मविश्वास वाढला की मी उद्धट होईन, असं आई म्हणते.

उद्धटपणा बहुतेक वेळा धास्तावलेल्या माणसाचा असतो. ज्याला "नाही" शांतपणे म्हणता येत नाही तो एक तर होकार देऊन कुढतो, नाहीतर एक दिवस फाडकन बोलतो. त्यामुळे नकाराचा सराव करा, छोट्या गोष्टींपासून. दुकानदार सुट्ट्याऐवजी चॉकलेट देतो, तेव्हा "नको काका, उरलेले पुढच्या वेळी द्या" म्हणणं ही पहिली पायरी. वरची पायरी नात्यातली. दाजी उसने पैसे मागतायत, द्यायचे नाहीत. लांबलचक कारणं देऊ नका, कारण प्रत्येक कारणावर दाजींकडे तोडगा असतो. "दाजी, या वेळी मला नाही जमणार. राग मानू नका." एवढंच. दाजी दुसऱ्यांदा विचारतील. तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा.

आईचं वय 52. तिला मोबाइलवरून पैसे पाठवायलाही भीती वाटते. या वयात काही होईल?

होईल, पण तुम्ही तिच्या हातातून फोन काढून घ्यायचं थांबवलंत तर. हे दृश्य घरोघरी आहे: आई एका बोटाने चाचपडत असते, मुलगा दहा सेकंद बघतो, "दे इकडे" म्हणतो आणि चटकन करून टाकतो. आईला काय कळलं? की हे मला जमत नाही. बांडुराची पहिली वाट आपणच रोज बंद करतो.

तुमचे हात मागे बांधा. तिला पहिल्यांदा तुम्हालाच एक रुपया पाठवू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक रुपया. मग शेजारच्या भाजीवाल्या मावशींना दहा, तुम्ही नुसते बाजूला उभे. मग तिचं तिला. सोबत दोन नियम पाठ करून घ्या: पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, आणि ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, तो बँकेचा साहेब असला तरी. भीतीतली अर्धी भीती फसवणुकीची असते आणि ती रास्त आहे. नियम माहीत असले की ती भीती आटोक्यात येते.

वर सांगितलेल्या काकू आता स्वतः स्लिप भरतात. एकदा रक्कम अक्षरात लिहायची राहिली, काउंटरवरून परत पाठवलं. त्यांनी तिथेच उभ्या राहून काउंटरवरच्या साहेबाचंच पेन मागून घेतलं.

सकाळी उठल्या उठल्या मोबाइल बघण्याचा आत्मविश्वासाशी काही संबंध आहे का?

माझ्या मते आहे. दात घासायच्या आधी बावीस लोकांची लग्नं, गाड्या आणि परदेशवाऱ्या बघून दिवस सुरू केला की स्वतःचा दिवस आधीच हरलेला वाटतो. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, गजराला साधं घड्याळ घ्या.

हे सगळं करून पाहिलं, तरी सकाळी उठावंसंच वाटत नाही.

मग हा सवयींचा प्रश्न नसेल. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहणं, झोप-भूक बिघडणं, आवडीच्या गोष्टी नकोशा वाटणं, लोकांत जायच्या विचारानेच पोटात गोळा येऊन कॉलेज किंवा काम बुडणं, असं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. नंबर 14416, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर वाट न बघता आत्ताच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. वही, जिना वगैरे नंतर.

व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावावा का? फी बरीच सांगतात.

मी स्वतः या धंद्यातला, तरी सांगतो: पैसे भरण्याआधी एक दिवस फुकट बसू द्या म्हणा. बसू देत नसतील तर उठून या. बसू दिलं तर घड्याळ लावून मोजा, शिकवणारा किती बोलतो आणि शिकणारे किती. चाळीस जणांच्या वर्गात दीड तासातला सव्वा तास सरच बोलत असतील, तर तुमच्या वाट्याला अर्ध्या मिनिटाहूनही कमी येतं. बोलणं सर शिकतील, तुम्ही नाही.

टोस्टमास्टर्स नावाची संस्था 1924 पासून हेच काम कमी खर्चात करते. मोठ्या शहरांत तिचे क्लब आहेत, पाहुणा म्हणून आधी जाऊन बघता येतं. तिथली एक पद्धत गावातही सहज उचलता येते. बोलणाऱ्याला ठरलेली मिनिटं, एक जण वेळ मोजणार, एक जण "अं", "म्हणजे", "ते हे" किती वेळा आलं ते मोजणार, आणि एक जण शेवटी काय चांगलं झालं आणि काय सुधारता येईल ते सांगणार. चार-पाच मित्र आणि वाचनालयाचा एक कोपरा मिळाला तर फी शून्य. पहिल्या दिवशी कुणालाच विषय सुचत नाही, तेव्हा विषयांच्या चिठ्ठ्या घरूनच लिहून न्या.